वारशाचे मोजमाप : आचार्य दामोदर धर्मानंद कोसंबी

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलेच प्रकरण आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचे आहे. मेंडेलचे वाटाणे, गुणसूत्रे, जनुके, डीएनए, लामार्क, डार्विन असा क्रम लावून वार्षिक परीक्षेपूर्वी उजळणी घेताना दरवर्षी एक प्रश्न हमखास निघतो. तो भर वर्गात क्वचितच विचारला जातो. तास संपल्यावर एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी टेबलाजवळ रेंगाळते आणि दबक्या आवाजात विचारते. डोळ्यांचा रंग, कानाची पाळी, केसांची ठेवण आईवडिलांकडून येते. मग बुद्धीही तशीच येत असेल, तर ज्यांच्या घरात आजोबांपर्यंत कोणी अक्षर गिरवलेले नाही, त्यांच्या वाट्याला काय येणार? आपल्या वसतिगृहात राहून शिकलेली कितीतरी मुले सालगड्यांची, ऊसतोड कामगारांची, वीटभट्टीवरच्या मजुरांची आहेत. या प्रश्नामागे पाठ्यपुस्तकातल्या शंकेपेक्षा अधिक काही असते, हे त्या मुलांच्या चेहऱ्यावरून कळते.

पाठ्यपुस्तकाच्या आधारे या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता येते. परंतु दोन वाक्यांनी मुलांचे समाधान होत नाही आणि ते होऊही नये. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने एका मराठी माणसाचे चरित्र थोडक्यात सांगावेसे वाटते. तो गणिती होता. त्याने आनुवंशिकीला एक सूत्र दिले. तो इतिहासकार होता. त्याने जातीची मुळे कोठे शोधावीत हे दाखवले. तो एका बौद्ध पंडिताचा पुत्र होता. मागच्या पिढीकडून पुढच्या पिढीकडे नेमके काय येते आणि येताना त्यात काय बदलते, हा एकच प्रश्न त्याने आयुष्यभर निरनिराळ्या रूपांत सोडवला. त्याचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

पित्याचा वारसा

दामोदर कोसंबींची ओळख करून घ्यायची, तर प्रथम त्यांच्या वडिलांकडे वळावे लागते. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी झाला. शालेय शिक्षण जेमतेम. घरची नारळाची बागायत सांभाळणे हेच काम. भगवान बुद्धांचे एक छोटेसे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि बुद्धाची शिकवण मूळ ग्रंथांतून समजून घ्यायचीच, असा ध्यास त्यांना लागला. १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. पुण्यात आणि काशीत संस्कृतचे अध्ययन, पुढे नेपाळ, बोधगया, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश अशी त्यांची भ्रमंती झाली. खिशात पैसा नाही, भाषा परकी, प्रकृती तोळामासा. तरीही सिंहलद्वीपातील भिक्षूंच्या चरणी बसून ते पाली शिकले, प्रव्रजित झाले आणि सात वर्षांनी, १९०६ मध्ये, स्वदेशी परतले.

परतल्यावर त्यांनी कलकत्त्यात पाली शिकवली. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी त्यांना महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करण्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले, तेव्हा मराठी माणसाला बुद्ध मराठीतून कळला पाहिजे या एका विचाराने त्यांनी ते स्वीकारले. १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे अध्यापन केले, पु. वि. बापटांसारखे विद्वान तेथेच घडले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात त्यांना विसुद्धिमग्ग या ग्रंथाच्या संपादनासाठी वारंवार बोलावणे आले. मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास भोगला. मुंबईत परळच्या कामगारवस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. त्यांचे भगवान बुद्ध हे मराठी चरित्र आजही आपल्या अनेक घरांत आढळते. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी शांतपणे देह ठेवला.

या पित्याने मुलाला जमीनजुमला दिला नाही. मिळाली ती एक सवय : कोणतीही गोष्ट परंपरेने सांगितली म्हणून मानायची नाही आणि मानायची नाही म्हणून टाकायचीही नाही, मुळापर्यंत जाऊन तपासायची.

बालपण आणि हार्वर्ड

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. सुरुवातीचे शिक्षण पुण्यात झाले. १९१८ मध्ये धर्मानंद पुन्हा हार्वर्डला निघाले, तेव्हा त्यांनी थोरली मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना बरोबर घेतले. केंब्रिज या गावातील शाळेत दामोदर दाखल झाले. भाषा नवी, हवामान बोचरे, रंगरूप वेगळे. तरी त्यांनी शाळेत असा लौकिक मिळवला की हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना प्रवेशपरीक्षाच माफ केली. पुढे सायबरनेटिक्स या शास्त्राचे जनक ठरलेले नॉर्बर्ट वीनर यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला तो याच गावात.

मध्ये काही काळ ते भारतात परतले, वडिलांसमवेत गुजरात विद्यापीठाच्या परिसरात राहिले आणि १९२६ मध्ये पुन्हा हार्वर्डला गेले. तेथे जॉर्ज बर्कहॉफ हे थोर गणिती त्यांचे अध्यापक होते. या विद्यार्थ्याने केवळ गणितावर लक्ष केंद्रित करावे, असे त्यांना वाटे. दामोदर मात्र भाषा, इतिहास, विज्ञान अशा अनेक विषयांचे वर्ग करीत आणि प्रत्येकात वरचा क्रमांक पटकावीत. १९२९ मध्ये सर्वोच्च सन्मानासह पदवी घेऊन ते मायदेशी आले. अमेरिकेत राहून सुखाची नोकरी करणे त्यांना अवघड नव्हते. परंतु त्यांनी तो विचार केला नाही.

बनारस हिंदू विद्यापीठात गणिताबरोबर जर्मन भाषाही शिकवणारा हा तरुण प्राध्यापक १९३१ मध्ये अलीगढला गेला. त्याच वर्षी नलिनी माडगावकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९३३ च्या सुमारास ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात रुजू झाले. ज्या इमारतीत वडिलांनी पाली शिकवली, तेथेच मुलगा गणित शिकवू लागला. १९३४ मध्ये गणितातील संशोधनासाठी त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. पुण्यातील ही बारा-तेरा वर्षे त्यांच्या आयुष्यातील फार सुपीक वर्षे ठरली.

नाण्यांनी शिकवलेले गणित

संख्याशास्त्र हा त्यांचा मूळ विषय नव्हता. तो शिकवायला कोणी नव्हते, म्हणून ते स्वतःच शिकू लागले. नुसती सूत्रे पाठ करून विद्या येत नाही. हाताशी खरी सामग्री हवी, हे त्यांनी ओळखले. आधी त्यांनी परीक्षांतील गुण घेतले. नंतर त्यांची दृष्टी प्राचीन नाण्यांकडे वळली.

बुद्धकाळापासून मौर्यकाळापर्यंत आपल्या देशात चांदीची आहत नाणी चालत. त्यांवर राजाचे नाव नाही, सन नाही; आहेत ती केवळ चिन्हांची ठोकलेली ठशे. कोणते नाणे आधीचे, कोणते नंतरचे, हे ठरवायचे कसे? कोसंबींनी तराजू हाती घेतला. नाणे हातोहाती फिरते तसे ते झिजते. जितका काळ ते व्यवहारात राहिले, तितके वजन घटते आणि त्याच टाकसाळीतून एकाच वेळी निघालेल्या नाण्यांमधली वजनाची तफावतही वाढत जाते. हा नियम खरा आहे का, हे पाहण्यासाठी त्यांनी प्रथम स्वतःच्या काळातील चलनी नाणी गोळा करून तोलली. मग तक्षशिला येथे सापडलेल्या साठ्यातील नाणी एकेक करून अत्यंत सूक्ष्म तराजूत घातली. सराफांनी वेळोवेळी पारख करून नाण्याच्या पाठीवर मारलेल्या खुणा आणि घटलेले वजन यांचा मेळ बसला. ज्यांच्या पाठीवर खुणा अधिक, ती नाणी अधिक झिजलेली, म्हणजेच अधिक जुनी. अक्षर नसलेल्या धातूच्या तुकड्यांना अशा रीतीने कालक्रम मिळाला.

येथे आपल्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एका नाण्याच्या वजनावरून काहीच सिद्ध होत नाही. शेकडो नाणी तोलल्यावर जे चित्र उमटते, ते बोलते. आनुवंशिकीतही तसेच आहे. मेंडेलने एका वाटाण्यावरून नियम सांगितला नाही. हजारो वाटाणे मोजल्यावर तीनास एक हे प्रमाण त्याच्या हाती लागले.

चार पानांचा लेख

१९४४ मध्ये कोसंबींचा एक लेख इंग्लंडमधील ॲनल्स ऑफ युजेनिक्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लेख अवघा चार पानांचा. त्यातील सूत्र आज जगभर कोसंबी नकाशा-फलन या नावाने ओळखले जाते. दहावीच्या विद्यार्थ्यालाही ते कळू शकेल, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

जनुके गुणसूत्रांवर एका रांगेत असतात. एकाच गुणसूत्रावरची जनुके एकाच गाडीतल्या प्रवाशांप्रमाणे सहसा एकत्र पुढच्या पिढीत जातात. परंतु अर्धगुणसूत्री विभाजनाच्या वेळी आईकडून आलेले आणि वडिलांकडून आलेले गुणसूत्र शेजारी शेजारी येतात आणि त्यांच्यातील काही तुकड्यांची अदलाबदल होते. पाठ्यपुस्तकात यालाच जनुकीय विचरण म्हटले आहे. दोन जनुके जितकी दूर, तितकी त्यांच्यामध्ये अदलाबदल होण्याची शक्यता अधिक. जितकी जवळ, तितकी कमी. म्हणजे किती टक्के संततीत दोन जनुकांची जुनी जोडी फुटली हे मोजले, तर त्यांच्यामधील अंतराचा अंदाज येतो. अमेरिकेत टी. एच. मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांवर काम चालू असताना आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या पदवीही न झालेल्या विद्यार्थ्याला ही कल्पना सुचली. महाविद्यालयाचा अभ्यास बाजूला सारून त्याने एका रात्रीत जगातील पहिला जनुकीय नकाशा काढला; तो १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

अडचण पुढेच होती. समजा, एका गुणसूत्रावर तीन जनुके आहेत. पहिल्या-दुसऱ्यामधील जोडी २० टक्के संततीत फुटते, दुसऱ्या-तिसऱ्यामधीलही २० टक्क्यांत. मग पहिल्या-तिसऱ्यामधील जोडी किती टक्क्यांत फुटेल? साधी बेरीज ४० टक्के सांगते. परंतु कधी कधी दोन्ही ठिकाणी अदलाबदल होते आणि पहिले व तिसरे जनुक पुन्हा एकत्रच येतात. दोन बदल एकमेकांना झाकून टाकतात. त्यामुळे प्रत्यक्ष आकडा ४० पेक्षा कमी भरतो. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये असे धरले की एका ठिकाणच्या अदलाबदलीचा शेजारच्या अदलाबदलीवर काहीच परिणाम होत नाही. त्यांच्या हिशेबाने उत्तर ३२ टक्के येते. पण निसर्गात तसे नसते. एके ठिकाणी अदलाबदल झाली, की तिच्या लगतच्या भागात दुसऱ्या अदलाबदलीला अटकाव होतो. अंतर वाढत जाते तसा हा अटकाव ओसरतो.

कोसंबींनी हा ओसरत जाणारा अटकाव एका साध्या गृहीतात बसवला : जवळच्या जनुकांत पूर्ण अटकाव, फार दूरच्या जनुकांत मुळीच नाही, मधल्या अंतरावर त्या प्रमाणात. त्यातून निघालेला बेरजेचा नियम असा : दोन्ही अपूर्णांकांची बेरीज करावी आणि तिला एक अधिक त्यांच्या गुणाकाराची चौपट या संख्येने भागावे. आपल्या उदाहरणात बेरीज ०.४०, गुणाकार ०.०४, त्याची चौपट ०.१६, म्हणून ०.४० ला १.१६ ने भागायचे. उत्तर ०.३४५, म्हणजे साडेचौतीस टक्के. हाल्डेनच्या ३२ आणि साध्या बेरजेच्या ४० या दोहोंच्या मधले हे उत्तर अनेक सजीवांत प्रत्यक्ष निरीक्षणाच्या अधिक जवळ जाते.

पुढे संगणक आले, डीएनएवरील खुणा ओळखण्याची तंत्रे आली आणि पिकांचे जनुकीय नकाशे तयार होऊ लागले. भात, गहू, ज्वारी, तूर अशा पिकांच्या अशा नकाशांत अंतर मोजण्यासाठी कोसंबींचे फलन आजही नित्य वापरले जाते. रोगाला तोंड देणारे जनुक कोणत्या खुणेच्या जवळ आहे, हे कळले की नवे वाण लवकर निवडता येते. आपल्या मराठवाड्याच्या काळ्या रानातल्या तुरीशी आणि ज्वारीशी या चार पानांचा असा संबंध आहे.

रक्त आणि जात

हा लेख ज्या नियतकालिकात आला, त्याच्या नावाकडेही पाहिले पाहिजे. युजेनिक्स म्हणजे सुप्रजननशास्त्र. त्या काळी आनुवंशिकतेच्या संख्याशास्त्रीय अभ्यासाचे ते एक प्रमुख नियतकालिक होते, म्हणून कोसंबींचा लेख तेथे छापला गेला. पण युजेनिक्स या नावाखाली युरोप-अमेरिकेत एक घातक विचारही फोफावला होता. काही कुळे, काही वंश जन्मतःच श्रेष्ठ. गरीब आणि दुबळे हे रक्ताने हीन. त्यांना संतती होऊच देऊ नये, असा तो विचार. जर्मनीत नाझींनी त्याच्या आधारे माणुसकीला काळिमा फासला. १९५४ मध्ये त्या नियतकालिकाने आपले नाव बदलून ॲनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स केले.

आपल्या देशात हाच विचार फार जुन्या रूपात नांदत आला आहे. जन्मावरून बुद्धी, जन्मावरून योग्यता. विज्ञान त्याला काय उत्तर देते? माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र पुढे जाते. केवळ या निवडीतूनच एका व्यक्तीच्या युग्मकांचे ८३ लाख ८८ हजार ६०८ प्रकार संभवतात. त्यात गुणसूत्रांतील अदलाबदल मिळवली, की मोजदादच राहत नाही. रक्त नावाचे एखादे गाठोडे पिढ्यान्‌पिढ्या जसेच्या तसे हातात पडते, ही कल्पनाच खोटी आहे. प्रत्येक पिढी ते गाठोडे सोडते, पिसते आणि नव्याने बांधते. ज्या अदलाबदलीचे मोजमाप कोसंबींनी केले, ती हीच.

कोसंबी इतिहासाकडे वळले तेव्हा त्यांनी जातीचे कारण रक्तात शोधले नाही. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील ग्रंथात त्यांनी वेगळे प्रश्न विचारले. अन्न कसे मिळवले जात होते? नांगर कोणाच्या हाती होता? जमीन कोणाच्या ताब्यात गेली? पिकवणाऱ्याने पिकवलेले वरकड धान्य कोणी नेले? टोळ्यांनी राहणारे समाज शेतीप्रधान समाजात कोणत्या अटींवर सामावले गेले? जातींचे थर त्यांना उत्पादनाच्या आणि सत्तेच्या इतिहासात दिसले. त्यापूर्वी १९४८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील आपल्या ग्रंथात, मानवमितीच्या मोजमापांचाच आधार घेऊन, अस्पृश्य हा निराळा वंश असल्याचे मत फेटाळले होते. दोघांची कारणमीमांसा वेगळी, मार्ग वेगळे. परंतु माणसाने माणसावर लादलेली उतरंड निसर्गाच्या माथी मारता येणार नाही, या ठिकाणी दोघेही येऊन पोहोचतात.

हस्तलिखितांची वंशावळ

नाणी कोणी पाडली हे शोधताना कोसंबी संस्कृत ग्रंथांकडे गेले आणि तेथे भर्तृहरीच्या शतकांत गुंतले. भर्तृहरीचे श्लोक देशभर शेकडो हस्तलिखितांत विखुरलेले होते. कोणात श्लोक अधिक, कोणात उणे, पाठ निरनिराळे. मूळ कोणते? नकलाकार एखादी चूक करतो. त्याच्या प्रतीवरून नक्कल करणारा ती चूक पुढे नेतो आणि स्वतःची एक भर घालतो. ज्या प्रतींत समान चुका, त्या एकाच मूळ प्रतीच्या वंशज. अशा रीतीने हस्तलिखितांची घराणी लावीत त्यांनी १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. उत्परिवर्तन शिकताना डीएनएच्या नकलेत होणारी चूक पुढच्या पिढीत कशी उतरते आणि समान खुणांवरून सजीवांची नाती कशी लावतात, हे आपण पाहतो. येथे कागदावर आणि भूर्जपत्रावर तेच घडलेले दिसते.

पुढे वा. वि. गोखले यांच्यासमवेत त्यांनी विद्याकर या बौद्ध विद्वानाचा सुभाषितरत्नकोश संपादित केला. तो १९५७ मध्ये हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत निघाला. वडिलांनी सुधारून सिद्ध केलेला विसुद्धिमग्ग याच मालेत त्यांच्या निधनानंतर १९५० मध्ये आला होता.

गोदावरीच्या काठी

१९४५ मध्ये होमी भाभांनी स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कोसंबी गणिताचे प्राध्यापक झाले. १९४८-४९ मध्ये युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन त्यांनी इंग्लंड-अमेरिकेत संगणकयंत्रांचा अभ्यास केला. घर मात्र पुण्यातच राहिले. डेक्कन क्वीनने मुंबईला जायचे, संध्याकाळी परतायचे. प्रवासात वाचन आणि लेखन. सुटीच्या दिवशी पुण्याजवळच्या टेकड्या पालथ्या घालायच्या, अश्मयुगीन गारगोटीची हत्यारे वेचायची, गावोगावच्या म्हसोबांची आणि आयांची ठाणी पाहायची, धनगरांच्या वाटा पायी चालून तपासायच्या. कार्ले-भाजे येथील बौद्ध लेणी नेमकी जुन्या व्यापारी मार्गांवर का कोरली गेली, हे त्यांनी अशा भटकंतीतून मांडले. त्यांच्या दृष्टीने शेतकऱ्याच्या घरातील जाते आणि राजाचा ताम्रपट हे दोन्ही सारख्याच मोलाचे पुरावे होते.

या अभ्यासात आपली गोदावरीही येते. सुत्तनिपातातील पारायनवग्गात बावरी नावाच्या ब्राह्मणाची कथा आहे. कोसल देशातून निघून तो दक्षिणापथाने अस्सकांच्या प्रदेशात गोदावरीच्या काठी येऊन राहिला आणि त्याचे सोळा शिष्य पैठणमार्गे उत्तरेस बुद्धाच्या भेटीला गेले. दक्षिणेची वाट केव्हा आणि कशी उघडली, याचा पुरावा म्हणून कोसंबींनी या कथेकडे पाहिले. विष्णुपुरीच्या जलाशयाकाठी सहलीला नेलेल्या मुलांना ही कथा सांगितली, की नदीकडे पाहण्याची त्यांची नजर बदलते. पाठ्यपुस्तकातले दूरचे नाव आपल्या अंगणात आल्यासारखे होते.

अखेरची वर्षे

कोसंबींचे जीवन निर्दोष यशाची कथा नाही. स्वभाव तिखट होता; वादात ते कोणाची भीड ठेवीत नसत. जागतिक शांतता चळवळीत ते हिरिरीने उतरले. भारतासारख्या देशाने अणुऊर्जेपेक्षा सूर्याच्या ऊर्जेचा विचार करावा, हे मत त्यांनी अणुसंशोधनाच्या भरभराटीच्या काळात मांडले. अविभाज्य संख्यांविषयीच्या रीमान यांच्या प्रसिद्ध अनुमानाची सिद्धता संभाव्यताशास्त्राने साधल्याचा दावा त्यांनी १९५९ मध्ये केला. तो गणितज्ञांच्या कसोटीला उतरला नाही आणि त्यामुळे त्यांच्या लौकिकाला धक्काही बसला. थोर माणसाची चूकही विद्यार्थ्यांना सांगावी. तपासणी सर्वांची होते, तपासणाऱ्याचीही होते. विज्ञानाचा मोठेपणा तेथेच आहे.

१९६२ मध्ये टाटा संस्थेतील त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. संधिवाताने शरीर दुखत होते, तरी लेखन थांबले नाही. त्याच वर्षी मिथ अँड रिॲलिटी आणि १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९६४ पासून ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेशी संलग्न होते. हीच संस्था पुढे आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली आणि तेथे गव्हाच्या वाणांचे संशोधन चालते. २९ जून १९६६ रोजी पुण्यातील घरी झोपेतच त्यांची प्राणज्योत मालवली. वयाची ५९ वर्षे पूर्ण व्हायला महिना उरला होता. त्यांच्या कन्या मीरा कोसंबी समाजशास्त्रज्ञ झाल्या आणि आजोबांचे मराठी लेखन त्यांनी इंग्रजीत नेले.

मुलांच्या प्रश्नाचे उत्तर

आता त्या दबक्या आवाजातल्या प्रश्नाकडे परत येऊ. धर्मानंदांच्या पोटी दामोदर जन्मले, म्हणून ते विद्वान झाले असे कोणी म्हणेल. मग धर्मानंदांचे काय? नारळीच्या बागेत राबणाऱ्या, धड शाळाही न शिकलेल्या तरुणाला पाली कोणत्या रक्ताने दिली? सिंहलद्वीपापर्यंतची वाट त्याने स्वतःच्या पायांनी तुडवली. लामार्कचे मत आपण वर्गात शिकतो आणि ते का टिकले नाही हेही शिकतो : आयुष्यात मिळवलेले गुण जनुकांत उतरत नाहीत. लोहाराचा दंड बळकट होतो, पण त्याचे बाळ बळकट दंड घेऊन जन्मत नाही. त्याच न्यायाने पंडिताचे बाळ अक्षरे घेऊन जन्मत नाही. त्यालाही अ पासूनच गिरवावे लागते. आपल्या वसतिगृहातले मूल आणि पंडिताचे मूल यांची पाटी पहिल्या दिवशी सारखीच कोरी असते.

फरक असतो तो घरातल्या पुस्तकांचा, दिव्याचा, पोटभर अन्नाचा, शिकवणाऱ्याचा आणि रात्री अभ्यासाला मिळणाऱ्या निवांत तासाचा. दामोदरांना तो सर्व मिळाला आणि त्यांनी त्याचे सोने केले. ज्यांना घरी तो मिळत नाही त्यांना तो द्यावा, यासाठीच आपल्यासारखी निवासी विद्यालये उभी राहिली. येथून शिकून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी हे विसरू नये. जनुकांचा वारसा आपोआप येतो. विद्येचा वारसा कोणीतरी प्रत्येक पिढीत हाताने पुढे द्यावा लागतो. एका पिढीने हात आखडला, की तो तेथेच तुटतो.

यंदाच्या उजळणीत कोसंबींच्या सूत्राचे एक उदाहरण आम्ही फळ्यावर सोडवणार आहोत. बेरीज, गुणाकार आणि भागाकार एवढेच त्यात लागते. ते आमच्या कोणत्याही मुलाला येते.